आधी प्लेग, मग माती

मराठीत ‘जंतू’ हा शब्द फारसा एकटा फिरत नाही. जंतुनाशक, जंतुसंसर्ग, निर्जंतुक... म्हणजे शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत आपण त्याला मारायची तयारी केलेली असते! साबणाच्या जाहिरातीत ते हिरवट, दात विचकणारे राक्षस होऊन येतात आणि फेसाबरोबर वाहून जातात. ‘जिवाणू’ हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, पण तो शाळेच्या पुस्तकातला. घरात आजी-आत्यांच्या तोंडी जंतूच.

हे वैर आलं कुठून? गेले काही महिने सवड मिळेल तसा मी याचा इतिहास वाचतोय. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. उभी हयात बँकेत खतावण्या जुळवण्यात गेली, त्यामुळे तारखा एकाखाली एक मांडून बघायची खोड तेवढी आहे. तशा मांडल्यावर एक गोष्ट दिसली. या जिवांशी माणसाची ओळख ज्या क्रमानं झाली, त्यात मारेकरी आधी भेटले आणि पोशिंदे मागाहून. आपल्याकडे तर ती भेट थेट प्लेगच्या रूपानं झाली. (सुरुवातीलाच सांगून ठेवतो, जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. गोवर, देवी, करोना हे विषाणूंचे आजार, ते प्रकरण वेगळं.)

खरं तर अगदी पहिली गाठ पडली ती निव्वळ कुतूहलापोटी. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी लेवेनहूक नावाचा एक कापडव्यापारी होता. जन्म १६३२ चा. विद्यापीठाची पायरी चढलेला नाही, त्या काळच्या विद्वानांची लॅटिन भाषा येत नाही. पण काचेची बारकी भिंगं घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी सर्वात चांगलं भिंग वस्तू सुमारे पावणेतीनशे पट मोठी करून दाखवतं. मिरी तिखट का लागते, तिला बारीक काटे असतात की काय, हे बघायला त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला, तर काटे राहिले बाजूला, थेंबभर जीव वळवळताना दिसले. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्रानं कळवलं. तिथल्या मंडळींचा विश्वास बसेना. शेवटी रॉबर्ट हूकनं पुढच्या वर्षी स्वतः प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठे पटलं. १६८३ मध्ये त्यानं स्वतःच्या दातांवरचा मळ काढून पाहिला आणि त्यातल्या जिवांची चित्रं पाठवली. दांड्या, गोळे, नागमोडी काड्या. आजच्या विद्यार्थ्यालाही ती चित्रं ओळखता येतात. आपल्या तोंडात अख्ख्या देशातल्या माणसांपेक्षा जास्त प्राणी राहतात, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. त्यात घाबरल्याचा सूर नाही. उलट एखाद्याला अचानक भाडेकरू सापडावेत तशी गंमत आहे.

आणि मग जवळजवळ पावणेदोनशे वर्षं त्यापुढे फारसं काही घडलं नाही! एक तर लेवेनहूकनं आपली उत्तम भिंगं आणि बघायची खास पद्धत कुणाला दिली नाही. दुसरं म्हणजे, इतकी क्षुल्लक वस्तू काही मोठं काम करत असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना.

क्षुल्लक म्हणजे किती? बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर पाचशे ते हजार ओळीनं बसतील. शरीर म्हणजे एकच पेशी. आपल्या पेशींत असतं तसं केंद्रक नाही. डीएनएचं वेटोळं पेशीत मोकळंच पडलेलं, भोवती पातळ पटल आणि बहुतेकांना त्याबाहेर भिंत. हातपाय नाहीत, काहींना पोहायला शेपट्या असतात. पिल्लं घालणं वगैरे भानगड नाही. मोठं व्हायचं आणि मधोमध दुभंगून दोन व्हायचं. खायला भरपूर असलं तर आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. बँकवाल्यांसाठी हे चक्रवाढ व्याज. एकापासून सुरुवात करा, दहा तासांत तीस हप्ते आणि शिल्लक शंभर कोटींच्या वर! प्रत्यक्षात अन्न संपतं, स्वतःच्याच टाकाऊ पदार्थांत ते बुडतात आणि गाडी थांबते. पण जिवाणूंची सगळी ताकद याच हिशेबात आहे. एकटा कुणीच नाही, संख्येनं सगळं.

ही ताकद पहिल्यांदा नीट ओळखली ती लुई पाश्चरनं, आणि तीही आंबवण्याच्या धंद्यात. दूध आंबतं ते जिवंत सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यानं १८५७ मध्ये मांडलं. (आपल्या घराघरांत विरजणाची वाटी शेजारणीकडून आणून जी वंशपरंपरेनं सांभाळली गेली, ती जिवाणूंची शेतीच. नाव ठाऊक नव्हतं इतकंच.) इथून गोष्ट सरळ शेताकडे, मातीकडे वळू शकली असती. वळली ती दवाखान्याकडे. साहजिकच होतं. घरोघर माणसं मरत होती.

जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख या डॉक्टरनं १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा जिवाणू पकडला. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जाहीर केला. १८८४ मध्ये कलकत्त्यात येऊन पटकीचा. त्याचं खरं शस्त्र म्हणजे एक जिवाणू दुसऱ्यापासून वेगळा काढून वाढवायची युक्ती. त्यासाठी घट्ट जेलीसारखं काहीतरी लागायचं. जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. ती अडचण सुटली स्वयंपाकघरातून. एका सहकाऱ्याची बायको, फॅनी हेसे, जेलीच्या पदार्थांत अगर-अगर घालायची आणि ते गरमीतही टिकायचं. तिनं ते सुचवलं आणि आजतागायत जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तेच वापरतात. आपल्याकडे पुडिंगसाठी ‘चायना ग्रास’ आणतात ना, तेच हे! पुढची पंधरा वर्षं मग शिकारीची. घटसर्प, धनुर्वात आणि १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिननं शोधलेला प्लेग.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, तो प्लेग मुंबईत मांडवीत उतरला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत तीन महिने खपून त्यांनी लस केली. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. परळच्या संस्थेला हाफकिन नाव आहे ते यांचंच.

पुण्यात तर काय झालं ते आपण सगळे जाणतोच. गोऱ्या सोजिरांकडून घराघरांची झडती, माणसं उचलून छावणीत, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता प्लेगनंच गेल्या. आज वाचताना सर्वात टोचतं ते हे, की घरं धुऊन काढली, सामान जाळलं, पण उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात हे पॉल-लुई सिमोंनं कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. पुढच्या काही दशकांत भारतात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगनं मेली.

आमच्या घराण्याची हातानं लिहिलेली वंशावळ नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहे. पणजोबांच्या पिढीत एका भावाच्या नावाखाली रेघ ओढून पुढे फांदी काढायला जागा सोडली आहे आणि त्या जागेत नुसतं ‘प्लेग’ असं लिहिलं आहे. बायको-मुलांची नावंही नाहीत. लिहिणाऱ्याला ती सांगणारं कुणी उरलं नसावं. ज्या घरात ‘जंतू’ ही कल्पना अशी शिरली, त्या घरात तो शब्द मायेनं कसा उच्चारला जाईल? त्यामुळे आजीच्या पिढीच्या भीतीला मी हसत नाही. ती कमावलेली भीती होती.

पण तारखा मांडायच्या तर सगळ्या मांडायला हव्यात. कारण याच वर्षांत, याच युरोपात, दुसरी एक ओळख चालू होती आणि तिचा गाजावाजा काहीच झाला नाही.

१८७७, पॅरिस. श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका नळीत वाळू आणि खडूची भुकटी भरली आणि वरून गटाराचं पाणी थेंबथेंब सोडलं. पहिले बरेच दिवस खालून अमोनियाचं पाणीच येत राहिलं. सुमारे तीन आठवड्यांनी त्यात नायट्रेट, म्हणजे सोऱ्यातला क्षार, दिसू लागला. साधी रासायनिक क्रिया असती तर पहिल्या दिवशीच झाली असती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद! क्लोरोफॉर्म काढून घेऊन थोडं मातीचं पाणी घातलं, पुन्हा सुरू. म्हणजे हे काम करणारं कुणीतरी जिवंत होतं आणि त्याला गुंगी येत होती.

१८८६ मध्ये जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्ट यांनी याहून मोठं कोडं सोडवलं. नायट्रोजन नसलेल्या वाळूत ओट उपाशी मरतो, वाटाणा मात्र कधी कधी टरारून येतो, हे कसं? वाळू तापवून निर्जंतुक केली तर वाटाणाही मरतुकडा. त्यात शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की तो हिरवागार, आणि मुळांवर गाठी. १८८८ मध्ये मार्टिनस बायरिंक यानं त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. तो तेव्हा एका यीस्टच्या कारखान्यात नोकरीला होता, आणि गाव कुठलं? डेल्फ्ट! लेवेनहूकचंच.

आपल्या शेतकऱ्याला हे निराळ्या भाषेत कधीपासून ठाऊक होतं. ज्वारीत तुरीचे पाटे टाकायचे, हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला चांगला. ‘बेवड’ या एका शब्दात केवढं निरीक्षण साठलंय बघा. आधीच्या पिकानं मातीत मागे काय ठेवलं, त्याचा हा हिशेब. भुईमुगाचं झाड उपटलंत तर मुळावरच्या गाठी दिसतील. एखादी जिवंत गाठ नखानं फोडा, आत गुलाबी निघते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद तिथे असतो, प्राणवायू मोजूनमापून पुरवायला. हल्ली बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम चोळतात, ते म्हणजे हेच जिवाणू.

तिसरा माणूस सर्गेई विनोग्राद्स्की, जन्म १८५६, कीव्हचा. मला सगळ्यात आवडला तो हाच. गंधकाच्या झऱ्यांत राहणारे जिवाणू त्यानं १८८७ च्या सुमारास अभ्यासले आणि एक विलक्षण गोष्ट सांगितली. हे जीव ना साखर खातात, ना उन्हावर जगतात. कुजक्या अंड्याचा वास ज्या वायूला येतो, त्या हायड्रोजन सल्फाइडपासून ते ऊर्जा मिळवतात. मग झुरिकमध्ये त्यानं श्लोझिंगच्या नळीतल्या त्या कामकऱ्याचा पाठलाग सुरू केला. कॉखच्या पद्धतीनं तो सापडत नव्हता. आणि इथेच या सगळ्या इतिहासाची मेख आहे. कॉखच्या बश्यांत मांसाचा रस आणि जिलेटिन असायचं, कारण त्याला माणसाच्या अंगात वाढणारे जिवाणू हवे होते. तसल्या पंगतीला तेच येणार! अमोनियावर जगणारा तिथे कशाला फिरकेल? विनोग्राद्स्कीनं उलट केलं. सेंद्रिय अन्न काढून टाकलं, नुसते क्षार ठेवले, आणि १८९० मध्ये तो मजूर सापडला. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून स्वतःचं शरीर घडवणारा, अमोनियाचं नायट्रेटकडे नेणारा.

या तीन शोधांची बेरीज अशी होते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो जसाच्या तसा घेता येत नाही. गाठींतले आणि मातीतले काही जिवाणू तो बांधून देतात. मेलेलं पान, मेलेलं जनावर दुसरे कुजवतात, त्यातून अमोनिया सुटतो. तिसरे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं पितात. उरलेलं चौथे पुन्हा हवेत सोडतात. आपल्या अंगातल्या प्रत्येक प्रथिनातला नायट्रोजन कधी ना कधी या रांगेतून गेलेला आहे. माणसानं हेच काम कारखान्यात करायचं ठरवलं तेव्हा हाबर-बॉश पद्धतीला चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दोनशेपट दाब लागला. तुरीच्या मुळावर ते जिवाणू हेच काम जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेत करतात.

कॉखला १९०५ मध्ये नोबेल मिळालं. बायरिंकला आणि विनोग्राद्स्कीला कधीच नाही. (लेवेनहूकच्या नावाचं डच पदक मात्र दोघांना मिळालं, १९०५ आणि १९३५ मध्ये.) रशियन क्रांतीनंतर विनोग्राद्स्कीला देश सोडावा लागला. पासष्टीला पोचलेला हा माणूस १९२२ मध्ये फ्रान्सला गेला आणि पुन्हा मातीच उकरत बसला, जवळजवळ अखेरपर्यंत. वारला १९५३ मध्ये, ९६ वर्षांचा होऊन.

इथे संपवलं असतं तर गोष्ट ‘वाईट जंतू विरुद्ध चांगले जंतू’ अशी बाळबोध झाली असती. पण खतावणीची दोन पानं शेवटी एका ठिकाणी जुळतात.

सेल्मन वाक्समन हा युक्रेनमधून अमेरिकेत गेलेला माणूस. विषय माती. विनोग्राद्स्कीचा इतका भक्त की पुढे त्यानं त्याचं चरित्र लिहिलं. मातीतले जिवाणू जागेसाठी, अन्नासाठी एकमेकांशी भांडतात, तर त्यांच्याकडे हत्यारंही असणार, असा त्याचा अंदाज. १९४३ मध्ये त्याचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याला मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. (नोबेल एकट्या वाक्समनला, १९५२ मध्ये. शाट्झला सहसंशोधक म्हणवून घ्यायला कोर्टात जावं लागलं.) कॉखनं १८८२ मध्ये दाखवलेल्या क्षयाच्या जिवाणूला मारणारं हे पहिलं औषध. आणि त्यानं प्लेगही बरा होतो.

पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही स्ट्रेप्टोमायसिन बनू लागलं. साठच्या दशकात आमच्या थोरल्या आत्याला क्षय झाला तेव्हा तिला याचीच इंजेक्शनं दिली. महिनोन्महिने, रोज. ती जगली, तीन मुलांची आई झाली, ऐंशीपर्यंत पोचली. औषधाची किंमत म्हणून एका कानानं बहिरी झाली, कारण या औषधाचा तो ठरलेला दुष्परिणाम. तिच्याशी डाव्या बाजूनं ओरडून बोलावं लागायचं, हे भाचरंडांना आठवत असेल. वंशावळीत तिच्या नावाखाली आज तीन फांद्या आहेत. मला त्या फांद्यांमध्ये मातीतला तो जिवाणू दिसतो. आता क्षयावर आधी स्ट्रेप्टोमायसिन देत नाहीत, पण जे रिफॅम्पिसिन देतात त्याचंही मूळ मातीतल्याच एका जिवाणूत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. ज्या मातीत हत्यारं आहेत तिथेच ढालीही आहेत. औषधाला न जुमानण्याची विद्या जिवाणूंकडे आपल्या कितीतरी आधीपासून आहे, आणि डीएनएच्या छोट्या कड्यांतून ती ते एकमेकांना देतात. अर्धवट सोडलेला प्रत्येक कोर्स म्हणजे ढालवाल्यांना मोकळं केलेलं मैदान. ‘जंतू मारा’ एवढंच शिकलेल्या आपल्या समाजाला हे समजायला जड जातं. ९९.९ टक्के मेल्यावर उरलेले कोण, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. सगळ्यांना मारून आपण राहायचं कुठे?

हात धुवाच. पाणी उकळा. पणजोबांच्या भावाच्या नावाखालची ती जागा मी विसरलेलो नाही. फक्त पोरांना शिकवताना एखादी गाठ फोडूनही दाखवावी, इतकंच म्हणणं.

जूनमध्ये पहिली सर आली की जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते बनवण्यात पुढे असतात स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू. म्हणजे आत्याचं औषध देणारंच कूळ. कनौजला त्या वासाचं अत्तर करतात, कुपीत भरून विकतात.

असो, लांबलं फार. तुमच्या घरच्या वंशावळीत, जुन्या पत्रांत प्लेगच्या छावणीचं किंवा गावाबाहेरच्या झोपड्यांचं काही लिहिलेलं असेल तर जरूर कळवा. आणि आमच्यापैकी कुणाला त्या रिकाम्या जागेतली नावं माहीत असतील, तर तीही. अजून लिहायला जागा आहे.